अडथळे ओळखणारे सेन्सर असूनही छोटा ड्रोन झाडाला का धडकतो? नवशिक्याने तो सुरक्षित कसा उडवावा?

तुम्ही विचारलं आहे की २५० ग्रॅमच्या आतला नवा ड्रोन घेतला, त्याला सेन्सर आहेत, तरी सुरुवातीच्याच उड्डाणात तो बाजूला सरकताना झाडात शिरला. असं का झालं आणि पुढे काय काळजी घ्यायची. मी बरीच वर्षं छोटे ड्रोन उडवते आणि नव्याने शिकणाऱ्यांना शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कारण तुमच्या प्रश्नातच आहे: ‘बाजूला सरकताना’. बऱ्याच छोट्या ड्रोनना सेन्सर फक्त खालच्या बाजूला असतात, काहींना पुढे-मागेही असतात. डावी-उजवी बाजू मात्र बऱ्याचदा मोकळीच सोडलेली असते. तुमच्या मॉडेलला नेमके कुठे आहेत ते माहितीपुस्तकातल्या चित्रात पाहून घ्या. जिथे आहेत तिथेही त्यांना मर्यादा आहेत. हे सेन्सर म्हणजे बहुतेक वेळा छोट्या कॅमेऱ्यांची जोडी असते. दोघांच्या चित्रांतल्या फरकावरून समोरची वस्तू किती लांब आहे ते काढलं जातं. त्यामुळे काच, कोरी भिंत, वायर, पानं झडलेली बारीक फांदी यांचा त्यांना पत्ता लागत नाही. उजेड कमी झाला की त्यांचं काम थांबतं, आणि स्पोर्ट मोडमध्ये, म्हणजे सगळ्यात वेगाने उडण्याच्या सेटिंगमध्ये, तर बहुतेक मॉडेलवर ते बंदच होतात. सेन्सर नाहीतच असं धरून उडवायला शिका.

पुन्हा उडवण्याआधी ड्रोन नीट तपासा. पंख्याच्या प्रत्येक पात्याच्या कडेवरून नख फिरवा. डोळ्याला न दिसणारा खाच नखाला अडकतो. पातं जिथे मोटारीला जोडलेलं असतं तिथला बारीक तडा सगळ्यात वाईट, कारण तो जमिनीवर गप्प असतो आणि हवेत पूर्ण वेगावर सुटतो. शंका आली तर त्या मोटारीवरची दोन्ही पाती एकदम बदला आणि सोबत आलेले नवे स्क्रू वापरा. शेजारशेजारच्या मोटारी एकमेकींच्या उलट दिशेने फिरतात, म्हणून पंखेही दोन प्रकारचे असतात. पंख्यावरची खूण आणि मोटारीवरची किंवा ड्रोनच्या हातावरची (मोटार धरणाऱ्या दांड्यावरची) खूण जुळवा. चुकीचा पंखा बसला तर ड्रोन उचलता उचलताच पलटी खातो. मग प्रत्येक मोटार बोटाने फिरवून पाहा. खरखर लागली तर आत माती गेली आहे. घडीच्या हातांचे सांधे हलवून बघा. बॅटरी जराशी जरी फुगलेली वाटली तरी ती पुन्हा वापरू नका. हे सगळं ठीक असेल तर छातीच्या उंचीवर, सुरक्षित अंतरावर, दोन-तीन मिनिटं ड्रोन एका जागी तरंगता ठेवा आणि आवाज ऐका. आवाजात बदल किंवा चित्रात थरथर असेल तर खाली घ्या.

आता मुख्य गोष्ट. नवीन माणूस ड्रोन कुठे न्यायचा याचा विचार करतो. मी शिकवताना आधी तो परत कसा येणार ते विचारते. मी पाहिलेले बहुतेक अपघात परतीच्या वाटेवरचे आहेत.

रिटर्न टू होमचं, म्हणजे ड्रोनला आपोआप परत बोलावण्याचं, बटण घ्या. मैदानाच्या कडेला एक मुलगा माझ्याकडे शिकत होता. ड्रोन जेमतेम वीसेक मीटरवर, एका मोठ्या झाडाच्या पसरलेल्या फांद्यांखाली होता. त्याला दिशा कळेना, म्हणून त्याने ते बटण दाबलं. ड्रोनने एक बीप दिला, तिथेच थांबला आणि सरळ वर चढायला लागला. फांदीत पंखे अडकल्याचा कर्कश आवाज आला, पानं खाली पडली, मग ड्रोन पडला. बटणाने सांगितलेलं कामच केलं होतं: आधी ठरवलेल्या उंचीवर चढायचं, मग उड्डाणाच्या जागेकडे सरळ रेषेत यायचं, मग खाली उतरायचं. छोट्या मॉडेलना वरच्या बाजूला डोळे क्वचितच असतात.

म्हणून प्रत्येक नव्या जागी पोचलात की पहिलं काम परतीची उंची ठरवण्याचं. आजूबाजूला दिसणाऱ्या सगळ्यात उंच झाडापेक्षा, इमारतीपेक्षा किंवा टॉवरपेक्षा १० ते १५ मीटर जास्त ठेवा. ड्रोन झाडाखाली किंवा छताखाली असेल तर हे बटण दाबायचंच नाही. आधी रिमोटच्या स्टिकवरून (ड्रोन हलवणाऱ्या दोन छोट्या दांड्यांवरून) अंगठे काढून त्याला थांबवा आणि मग हाताने मोकळ्यात आणा. ड्रोन अगदी जवळ असताना हे बटण दाबलं तर काही मॉडेल वर न चढता आहे त्याच उंचीवरून येतात, काही आहेत तिथेच उतरतात. तुमचं काय करतं ते मोकळ्या मैदानात एकदा मुद्दाम करून पाहा.

ड्रोन जिथे परत येतो ती जागा, म्हणजे होम पॉइंट, उपग्रहांचा पुरेसा सिग्नल मिळाल्यावरच नोंदली जाते. सुरू केल्या केल्या घाईने उडवला तर ही नोंद हवेत, भलत्याच ठिकाणी होऊ शकते. ते ठिकाण तळ्यावर असलं तर परत येणारा ड्रोन आज्ञाधारकपणे पाण्यात उतरेल. नोंद झाल्याचा संदेश स्क्रीनवर येईपर्यंत आणि नकाशावरची खूण तुमच्या पायाशी दिसेपर्यंत थांबा. बोटीवरून उडवत असाल तर बोट पुढे सरकते, होम पॉइंट मागेच राहतो, हेही ध्यानात असू द्या.

परतीचा दुसरा शत्रू वारा. ढोबळ हिशोब करू. समजा तुमच्या ड्रोनचा हवेतला वेग सेकंदाला १० मीटर आहे आणि वारा ६ मीटरचा. वाऱ्याबरोबर गेलात तर जमिनीवरून पाहता तो १६ मीटरने पळेल. ८०० मीटर अंतर ५० सेकंदांत संपेल. परत येताना तोच वारा समोरून. आता वेग उरला फक्त ४ मीटर, म्हणजे त्याच ८०० मीटरला २०० सेकंद, तेही वाऱ्याशी झगडताना बॅटरी जास्त पीत. यासाठी सुरुवात नेहमी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने करायची. जाताना कष्ट, येताना वारा मदतीला. वर गेलं की वारा वाढतो, जमिनीवर पान हलत नसलं तरीही. वाऱ्यात अडकलात तर, खाली अडथळे नसल्याची खात्री करून, उंची कमी करा. खालच्या थरात बऱ्याचदा वाट मोकळी मिळते. इमारतीच्या आडोशाला मात्र हवा घुसळलेली असते, तिथे वारा कमी आहे असं समजू नका.

बॅटरीचा आकडा सरळ रेषेत उतरत नाही. लिथियम पॉलिमर सेल पूर्ण भरलेला असतो तेव्हा ४.२ व्होल्टला असतो. मधला बराच काळ व्होल्टेज सावकाश उतरतं आणि शेवटी एकदम कोसळतं. थंडीत तर आणखी लवकर. म्हणून ३० टक्के उरले असताना ड्रोन माझ्या डोक्यावर आलेला असतो, परतीच्या वाटेवर नसतो. थंडीत बॅटरी खिशात अंगाच्या उबेत ठेवते आणि उडवल्यावर एक मिनिट जवळच तरंगू देते, मगच पुढे जाते. घरी आल्यावर बॅटरी आठवडाभर पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवू नका. निम्म्याच्या आसपास ठेवलेली जास्त टिकते.

हात बसवण्याबद्दल. नव्या माणसाचा ड्रोन सगळ्यात जास्त वेळा कुठे आपटतो? ड्रोनचं तोंड त्याच्याकडे असताना. तेव्हा उजवी स्टिक उजवीकडे दाबली की ड्रोन तुमच्या डावीकडे जातो. माणूस गोंधळतो, अजून जोरात दाबतो, आणि भिंत जवळ आलेली असते. हे समजून घेऊन भागत नाही, बोटांत मुरावं लागतं. आधी ड्रोनची पाठ आपल्याकडे ठेवून एका जागी तरंगवा. मग तो ९० अंशांत वळवा, आधी डावी कुशी, मग उजवी. शेवटी तोंड आपल्याकडे करून तसंच. प्रत्येक स्थितीत एक बॅटरी संपवली तरी वाया जात नाही. मग चौकोन काढा, प्रत्येक कोपऱ्यात तोंड पुढच्या दिशेकडे वळवून. शेवटी इंग्रजी आठचा आकडा. तो सलग, एकसारख्या उंचीवर काढता आला की तुम्हाला ड्रोन उडवता येतो असं मी म्हणेन. त्याआधी स्पोर्ट मोडला हात लावू नका. त्यात थांबायला लागणारं अंतर बरंच वाढतं.

गोंधळ झाला की एकच गोष्ट करायची: दोन्ही अंगठे स्टिकवरून उचला. जीपीएस व्यवस्थित असेल तर ड्रोन स्वतः थांबतो आणि तिथेच तरंगत राहतो. घाबरून डावी स्टिक पूर्ण खाली ओढणं ही सगळ्यांची पहिली प्रतिक्रिया असते, आणि त्याने ड्रोन खाली जे काही असेल त्याच्यावर जातो. दोन्ही स्टिक एकाच वेळी खाली आणि आतल्या कोपऱ्यात दाबण्याची खूण बऱ्याच मॉडेलवर मोटारी सुरू-बंद करायला असते. काही ड्रोनवर ती हवेतही मोटारी बंद करू शकते. तुमच्या ड्रोनवर ती कशी आहे ते वाचून ठेवा.

उड्डाणाची जागा निवडताना पायाखाली पाहा. सळया घातलेलं काँक्रीट, गाडीचं टप, लोखंडी झाकण यांच्या शेजारी ड्रोनचं होकायंत्र फसतं. मग जीपीएस सांगतो एक, होकायंत्र सांगतं दुसरं, आणि ड्रोन स्वतःला सावरायच्या नादात वाढत जाणाऱ्या गोल घिरट्या घालायला लागतो. अ‍ॅपने मागितलं तरच कॅलिब्रेशन करा, म्हणजे होकायंत्र नव्याने जुळवा, आणि तेही लोखंडापासून लांब, मोकळ्या मातीवर. उंच इमारतींमध्ये किंवा दरीत जीपीएस सुटला तर ड्रोन बॅरोमीटरच्या (हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या) आधारे उंची धरून ठेवतो, पण वाऱ्याबरोबर वाहत जातो. अशा वेळी अंगठे काढून उपयोग नाही. वाहण्याच्या उलट दिशेने हलक्या हाताने स्टिक देत मोकळ्या जागी उतरवायचा. वर सांगितलेला सराव इथे कामी येतो.

उतरवताना भरधाव सरळ खाली आणू नका. ड्रोन स्वतःच्याच पंख्यांनी खाली ढकललेल्या हवेत शिरतो, पंख्यांना धरायला स्वच्छ हवा मिळत नाही आणि तो डगमगत कोसळू शकतो. थोडं पुढे सरकत, तिरपं उतरा. पाण्यावर उडवताना दोन-तीन मीटरच्या खाली जाऊ नका. लाटा आणि चकाकी खालच्या कॅमेऱ्यांना फसवतात. घार, कावळा मागे लागला तर वर चढा, शांतपणे लांब न्या आणि उतरवा; घरट्यांच्या दिवसांत ती जागा सोडूनच द्या.

आता जी चूक ड्रोन तुटण्यावर थांबत नाही ती. ९ जानेवारी २०२५ रोजी लॉस एंजेलिसच्या पॅलिसेड्स आगीवर पाणी टाकणाऱ्या ‘सुपर स्कूपर’ विमानाच्या पंखाला एक हौशी ड्रोन धडकला. पंखाला भोक पडलं आणि आग भडकलेली असताना ते विमान जमिनीवर उभं राहिलं. उडवणाऱ्या माणसाने ड्रोन अडीच किलोमीटरहून लांब नेला होता आणि तो त्याच्या नजरेबाहेर गेला होता. स्क्रीनवर मागून येणारं विमान दिसत नाही. ड्रोन डोळ्यांना दिसतो आहे आणि तोंड कुठे आहे ते कळतं आहे, तितक्याच अंतरात राहा. छोट्या ड्रोनसाठी तेवढं अंतर फार नसतं. बऱ्याच देशांत उंचीची मर्यादा १२० मीटर आहे. तुमच्या भागातले नियम आणि निषिद्ध क्षेत्रं उडवण्याआधी बघा. हेलिकॉप्टरचा आवाज आला की ते कुठे आहे शोधत बसू नका, आधी ड्रोन खाली घ्या. आग, अपघात, बचावकार्य जिथे सुरू आहे तिथे ड्रोन पिशवीतून बाहेरही काढू नका. लोकांच्या डोक्यावरून तर कधीच नाही: पातं हलकं असलं तरी त्या वेगाने डोळ्यात गेलं तर डोळा जातो.

स्क्रीनवरचं चित्र अचानक गोठलं किंवा काळं पडलं, तर काय करायचं हे आधीच ठरवून ठेवा. सिग्नल तुटल्यावर ड्रोनने परत यायचं, तिथेच थांबायचं की उतरायचं, हे सेटिंगमध्ये असतं; मोकळ्या जागेत ‘परत येणे’ ठेवा. चित्र गेलं तरी रिमोटचा हुकूम पोचत असू शकतो, कारण चित्राला जास्त चांगला सिग्नल लागतो. अँटेनाचं टोक ड्रोनकडे रोखू नका, टोकाच्या दिशेला सिग्नल सगळ्यात कमी जातो. तिची रुंद बाजू ड्रोनकडे करा. तुमच्या आणि ड्रोनच्या मध्ये झाड किंवा भिंत असेल तर दोन पावलं सरकून मोकळ्यात या. ड्रोन परतीच्या उंचीवर चढला की आड आलेली वस्तू खाली राहते आणि चित्र बहुधा परत येतं. ते आल्या आल्या परती रद्द करू नका. नकाशावरचा बाण तुमच्याकडे सरकतो आहे हे पाहा, ड्रोन प्रत्यक्ष डोळ्यांना दिसू द्या, मग ताबा घ्या. आणि नाहीच आला, तर अ‍ॅपमध्ये शेवटचं ठिकाण नोंदलेलं असतं. अ‍ॅप बंद करण्याआधी त्या ठिकाणाचा स्क्रीनशॉट घ्या आणि शोध तिथून सुरू करा.