वाचकांचे प्रश्न: पुलिंगसाठी जुन्या ट्रॅक्टरचा हॉर्सपॉवर वाढवताना

प्रश्न: माझ्याकडे १९४७ चा फार्मॉल एम (अमेरिकन ट्रॅक्टर) आहे, केरोसीनवाल्या मॉडेलचा, आता पेट्रोलवर चालवतो. अँटिक गटात पुलिंगला (वजनाची स्लेज, म्हणजे घसरगाडी, ओढायच्या स्पर्धेला) उतरवायचाय. मेकॅनिक म्हणतो गव्हर्नरची (इंजिनचा वेग मर्यादेत ठेवणाऱ्या भागाची) स्प्रिंग बदलून १४५० चे २२०० आरपीएम करू, हेड घासून कॉम्प्रेशन वाढवू, साठ हॉर्सपॉवर आरामात निघतील. करू का?

उत्तर: स्प्रिंगला हात लावू नका. हे आधीच सांगतो, कारण सगळ्यात स्वस्त काम तेच आहे म्हणून सगळे तिथूनच सुरुवात करतात, आणि सगळ्यात धोक्याचं कामही तेच आहे. तुमच्या इंजिनचा स्ट्रोक सव्वापाच इंच, म्हणजे पिस्टनला प्रत्येक फेरीत लांब पळावं लागतं आणि वर-खाली दोन्ही टोकांना थांबून उलट फिरावं लागतं. त्या उलट फिरण्याचा झटका कनेक्टिंग रॉडवर येतो आणि तो आरपीएमच्या वर्गाने वाढतो. १४५० चे २२०० केले की वेग दीडपट होतो पण झटका सव्वादोन पटीच्या वर जातो. रॉड जुने, बोल्ट जुने, फ्लायव्हील ओतीव लोखंडाचं आणि सत्तर-पंचाहत्तर वर्षांचं. फ्लायव्हील फुटलं तर तुकडे सीटच्या दिशेनेही येतात हो, आणि सीटवर तुम्ही असता. जास्त आरपीएमच्या गटात लोक फ्लायव्हीलभोवती जाड स्टीलचं कवच लावतात ते उगाच नाही.

बरं एवढा धोका पत्करून मिळतं काय? आरपीएम दीडपट म्हणून पॉवर दीडपट असं होत नाही, कारण तो छोटा कार्बोरेटर आणि ते अरुंद पोर्ट तेवढी हवा आत सोडतच नाहीत, वरच्या आरपीएमला टॉर्क (फिरवण्याचा जोर) पडत जातो. आणि पुलिंगमध्ये होतं काय, स्लेजवरचा वजनाचा डबा पुढे सरकत येतो, लोड वाढत जातो, इंजिन दबतं. शेवटच्या दहा-वीस फुटांत इंजिन दबलेलं असताना किती जोर धरतं त्यावर सगळं ठरतं.

आता हेडचं. तुमचा बोअर चार इंचाला एक सूत कमी, म्हणजे एका सिलिंडरची जागा साधारण १०१५ सीसी. समजा कॉम्प्रेशन ६ आहे, म्हणजे पिस्टन वर आल्यावर मिश्रण सहाव्या हिश्श्यात दाबलं जातं (केरोसीनवाल्यात ते त्याहून कमीच असतं, पण हिशोबापुरतं धरू), तर वर २०३ सीसी जागा उरते. ७ करायचं असेल तर तीच जागा १६९ वर आली पाहिजे, म्हणजे ३४ सीसी कमी. चेंबरचं तोंड बोअरएवढं मोठं धरलं तरी हेड १ मिलिमीटर घासल्यावर साडेसात सीसीच कमी होतात. म्हणजे साडेचार मिलिमीटर घासावं लागेल! तेवढं घासलं की खालचा पाण्याचा भाग पातळ होतो, पुशरॉड लांब पडतात, रॉकरचा कोन बिघडतो. लेथवाल्याकडून हेड सपाट करण्यापुरतं फेस करून घ्या, बास.

कॉम्प्रेशन वाढवायचं ते पिस्टनने. केरोसीनच्या इंजिनात मुद्दाम कमी कॉम्प्रेशनचे पिस्टन असायचे. पेट्रोलचे पिस्टन वेगळे, आणि उंच डोंगराळ भागात हवा विरळ म्हणून कंपनी अजून जास्त कॉम्प्रेशनचे पिस्टनही द्यायची, पुलिंगवाले लोक तेच सपाटीवर वापरत आलेत. शिवाय सुपर एमचे (एमनंतरच्या मॉडेलचे) पूर्ण चार इंची पिस्टन-लायनर याच ब्लॉकला बसतात, त्याने २४८ घनइंचाचं इंजिन २६४ चं होतं. म्हणजे साडेसहा टक्के जास्त, आणि हा टॉर्क खालपासून मिळतो, आरपीएम न वाढवता. कॉम्प्रेशन साडेपाचवरून साडेसातवर गेलं तर कागदावर बारा टक्क्यांच्या आसपास फायदा, प्रत्यक्षात थोडा कमी धरा.

पण हे सगळं करायच्या आधी माझं कळकळीचं सांगणं आहे की इंजिनात जो हॉर्सपॉवर मुळात होता आणि आता हरवलाय तो आधी परत आणा. हा ट्रॅक्टर नवा असताना पट्ट्यावर (बेल्ट पुलीवर) चाळिशीच्या आतच पॉवर द्यायचा. अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठात १९२० पासून ट्रॅक्टरच्या चाचण्या होतात, तिथे एमचीही झालेली आहे, तो आकडा समोर ठेवा आणि तुमचा ट्रॅक्टर पीटीओ डायनोवर (मागच्या शाफ्टला जोडून पॉवर मोजायच्या यंत्रावर) लावून बघा. न उघडलेलं इंजिन बरंच खाली सापडेल अशीच शक्यता जास्त. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेजने मोजा, एकमेकांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर कुठून गळतंय ते शोधा, रिंगा की व्हॉल्व. व्हॉल्वची सीट नीट कापून घ्या, गाइड ढिले असतील तर बदला, नुसतं पावडर लावून घासणं पुरत नाही. आणि केरोसीनचं मॅनिफोल्ड अजून लावलेलं असेल तर आधी ते काढा! ते इंधनाची वाफ व्हावी म्हणून आत जाणारी हवा मुद्दाम तापवतं. पेट्रोलला तेवढी गरमी नको असते, आणि हवा दहा अंश थंड झाली की तीन टक्के जास्त हवा आत जाते, फुकट.

साठचं मेकॅनिकने सांगितलं ते विसरा. नीट बांधलेलं चार इंची इंजिन खरे ४५ देत असेल तर संथ गटात ते खूप आहे, का ते खाली तिसऱ्या उत्तरात आलंय. आणि उतरणार त्या गटाची नियमावली आधी वाचून घ्या, काही गटांत बोअर वाढवलेलाही चालत नाही.

प्रश्न: चार इंची पिस्टन टाकले, कॉम्प्रेशन वाढलं. रिकामा छान पळतो पण लोड आला की इंजिनातून खडखड आवाज येतो. मेकॅनिक म्हणतो टॅपेट वाजतायत.

उत्तर: टॅपेट लोड नसतानाही वाजतात. फक्त लोडवर येतोय म्हणजे नॉकिंग (मिश्रण आपोआप झटक्याने पेटणं) आहे आणि असाच ओढत राहिलात तर पिस्टनच्या डोक्याला भोक पडेल, तेव्हा ते सुटेपर्यंत ट्रॅक्टर स्लेजला जोडू नका. तीन गोष्टी बघा. पहिली टायमिंग, म्हणजे ठिणगी कधी पडते ते; ती लवकर पाडणं म्हणजे अ‍ॅडव्हान्स. जुन्या कॉम्प्रेशनला जेवढं अ‍ॅडव्हान्स लागायचं तेवढं आता लागत नाही, कारण दाबलेलं मिश्रण लवकर जळतं. मॅग्नेटो (ठिणगीची वीज स्वतः बनवणारं यंत्र) असेल तर त्यातलं इंपल्स कपलिंग फक्त सुरू करताना ठिणगी उशिरा पाडतं, पुढे टायमिंग आहे तिथेच राहतं, म्हणून ते हातानेच दोन-दोन अंश मागे घेत लोडवर ऐकून बघावं लागतं. दुसरी मेन जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं भोक. सिलिंडर मोठा झाला पण जेट जुनाच असेल तर मिश्रण पातळ पडतं आणि पातळ मिश्रण तापतं. प्लग काढून बघा, पांढरा फटक दिसला तर जेट वाढवा, तपकिरी आला की थांबा. तिसरी गोष्ट पेट्रोल, जास्त ऑक्टेनचं भरा, ते या कॉम्प्रेशनला लागणारच.

प्रश्न: इंजिनवर एवढं केलं, डायनोवर आठ हॉर्सपॉवर वाढले, तरी ओढ आधीपेक्षा कमी. चाकं जागेवरच फिरतात.

उत्तर: तुमच्यासारखा अनुभव खूप जणांना येतो आणि वाईट वाटतं, कारण मेहनत खरी असते. हिशोब करून बघू. वजन धरून ट्रॅक्टर २५०० किलोचा, चांगल्या मातीवर टायर वजनाच्या ८० टक्के पकड देतायत असं धरलं, तेही सगळं वजन मागच्या चाकांवर आलं तर, म्हणजे जास्तीत जास्त २००० किलोची ओढ. संथ गटात वेग ताशी पावणेपाच-पाच किलोमीटर, सेकंदाला १.३४ मीटर. २००० गुणिले १.३४ भागिले ७५, उत्तर येतं ३६ हॉर्सपॉवर. टायरमध्ये आणि घसरण्यात जातं ते वर धरा, म्हणजे पंचेचाळीसच्या आत काम संपलं. त्यापुढचा हॉर्सपॉवर माती उडवण्यातच जातो.

आता वजन कुठे आहे ते बघा. ओढताना पुढचं वजन मागे सरकतं. ड्रॉबार (स्लेज जोडायचा मागचा दांडा) जमिनीपासून ५० सेंटिमीटर, व्हीलबेस सव्वादोन मीटर, ओढ २००० किलो, तर साधारण ४४५ किलो पुढच्या चाकांवरून मागच्या चाकांवर जातात. म्हणजे उभा असताना पुढे ४४५ पेक्षा थोडंसं जास्त वजन हवं, पुढची चाकं जेमतेम जमिनीला टेकलेली राहतील एवढंच. तुमच्या पुढच्या चाकांवर उभा असताना ७०० किलो येत असतील तर अडीचशे किलो फुकट वागवताय, ते मागे घ्या. ड्रॉबार नियमात बसेल तेवढा उंच ठेवा पण मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्याच्या वर कधीच नाही, तिथे बांधला की ट्रॅक्टर मागे उलटतो आणि सावरायला वेळ मिळत नाही. मागे व्हीली बार (ट्रॅक्टर उलटू न देणारा दांडा) आणि सीटवरून पडलो तरी इंजिन बंद करणारी किल स्विचची दोरी, हे दोन्ही नियमात नसलं तरी लावा.

टायरची हवा एकेक पाउंडाने कमी करत प्रत्येक ओढीनंतर मातीवरचा ठसा बघा. टायरच्या कडेच्या गुट्ट्या (उंचवटे) उमटत नसतील तर हवा अजून जास्त आहे, मधला भाग पुसट दिसायला लागला तर जास्त कमी झाली. आणि सुरुवातीला साखळी ताणून घेऊन मगच थ्रॉटल द्या, ढिली साखळी झटक्याने ताणली गेली की टायर पहिल्याच फुटात खड्डा करतो आणि मग त्या खड्ड्यातून वर चढण्यातच सगळा जोर जातो.