जुन्या टाटा 1613 टर्बो ट्रकला सायलेन्सर काढून सरळ पाइप टाकला तर पिकअप वाढतो का? की बॅकप्रेशर (धूर पाइपात अडून इंजिनावर येणारा उलटा दाब) गेल्यावर वॉल्व्ह जळतात?

तुमचा मेकॅनिक म्हणतो सरळ पाइप टाका, ड्रायव्हर म्हणतो वॉल्व्ह जळतील. वॉल्व्हची भीती आधी मनातून काढा. ती कार्बोरेटरच्या पेट्रोल गाड्यांवरून आलीय, तिथे सायलेन्सर मोकळा केला आणि जेट (पेट्रोल सोडणारं भोक) तसाच ठेवला की मिक्श्चर लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, इंजिन तापतं आणि नाव बॅकप्रेशरचं होतं. डिझेलमध्ये डिझेल किती द्यायचं ते पंप ठरवतो, हवा मावेल तेवढी आत येते. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा; तो तर टर्बाइनच्या (धुराकडच्या चाकाच्या) अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातल्या फरकावरच फिरतो, म्हणून पुढे जितकं कमी अडेल तितकं बरं.

पण मेकॅनिकचंही सगळं खरं नाही. तुमच्या गाडीत कमिन्सचं 5.9 लिटरचं इंजिन असेल तर ते त्याच घराण्यातलं आहे जे अमेरिकेत 1989 पासून डॉजच्या पिकअपमध्ये बसलं, आणि सरळ पाइपचे व्हिडिओ बहुतेक त्याच गाड्यांचे. तिथे लोक पंपाचं सेटिंगही वाढवतात, डिझेल जास्त जातं, धूर जास्त निघतो, मग मोठ्या पाइपाचा उपयोग होतो. कंपनीच्या सेटिंगवर चांगला सायलेन्सर मुळात फारसं अडवतच नाही, तो काढून आवाज वाढेल, घाटातला गिअर काही बदलणार नाही.

आतली जाळी तुटून किंवा ऑइल-काजळीने सायलेन्सर चोक झाला असेल तर गोष्ट वेगळी, आणि ते मोजता येतं. टर्बोच्या लगेच पुढे एक्झॉस्ट पाइपाला छोटं भोक पाडून नट वेल्ड करा, त्यातून दोनेक फूट तांब्याची नळी काढा म्हणजे प्लास्टिक वितळणार नाही, आणि पुढे गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती पारदर्शक नळी यू आकारात उभी बांधून त्यात रंगीत पाणी भरा, उंची दोन मीटर तरी ठेवा. गाडी भरलेली हवी, चढावर फुल रेसमध्ये शेजारच्याने बघायचं, कारण उभ्या गाडीत रेस देऊन काही कळत नाही. दोन बाजूंच्या पाण्यात एक मीटर फरक म्हणजे साधारण 10 किलोपास्कल, या इंजिनाला तेवढी मर्यादा धरतात. त्याच्या बरंच आत असेल तर सायलेन्सरला हात लावू नका, वर असेल तर नवीन टाका. नळी लावलेली असताना एक्झॉस्ट ब्रेक मात्र दाबू नका, सगळं पाणी बाहेर उडेल.

आणि खरी काळजी मला त्या ब्रेकचीच आहे. टर्बोच्या पुढे पाइपात जी फ्लॅप असते ती बंद झाली की इंजिन स्वतःच्याच धुराविरुद्ध ढकलत बसतं आणि गाडी आवरते, बॅकप्रेशर कामाचं असतं ते एवढ्या एकाच ठिकाणी. सरळ पाइप टाकताना वेल्डिंगवाले तो तुकडाच कापून टाकतात. मग कसारा उतरताना भरलेल्या गाडीचा सगळा भार ड्रम आणि लायनरवर येतो, ते तापले की पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. काहीही करा, पण फ्लॅप जागेवर राहू द्या. पाइपाचा फ्लेक्झिबल (लवचिक) तुकडा आणि सपोर्टही काढू नका, नाहीतर पाइपाचं वजन टर्बोवर लटकून स्टड तुटतात.

कायद्याने सायलेन्सर लागतोच, केंद्रीय मोटार वाहन नियम 120, आणि आवाज-धुरासाठी कलम 190(2) खाली 10,000 रुपयांपर्यंत दंड आहे, वर पासिंगला अडवतील ते वेगळं.

माझ्याकडे पिकअप गेला म्हणून येणाऱ्या जुन्या गाड्यांत बहुतेकदा एअर फिल्टर चोक असतो, नाहीतर टर्बोचा हवेचा होज क्लिपपाशी फाटलेला, नाहीतर डिझेल फवारणारे नोझल गेलेले. हे आधी बघून घ्या, होज तर साबणाच्या पाण्याने दहा मिनिटांत तपासून होतो. रीडिंग घेतलंत तर इथे टाका, आकडा बघून पुढचं सांगतो.