पोहण्याबद्दल विचारा : २४ सेकंदांत काय काय होतं

या महिन्यात पत्रं भरपूर आलीत आणि बहुतेक सगळी एकाच विषयावर, मुलींचं ५० आणि १०० मीटर फ्रीस्टाइल. फोनवर जुन्या रेसचे व्हिडिओ बघून लोक प्रश्न पाठवतायत, मला खूप बरं वाटलं, कारण क्रिकेट सोडून दुसऱ्या खेळाच्या वेळा आपल्याकडे कोणी तोंडपाठ म्हणत नाही. सगळ्यांना उत्तर देता येणार नाही, पण पहिल्या पत्राला मी जरा जास्त जागा देणारे.

ताई, माझी मुलगी १५ वर्षांची. ५० फ्रीस्टाइल ३१ सेकंदांत पोहते, पण वर्षभर तिथेच अडकलीय, मागच्या मीटमध्ये तर उलट हळू गेली. घरात सगळे म्हणतात आता दहावी आहे, पोहून काय होणार, ज्यांचं व्हायचं त्यांचं १३-१४ ला होतं. ती मात्र रोज रात्री त्या स्वीडनच्या मुलीची पॅरिसची रेस बघत बसते. थांबवू का तिला? - एक आई, डिचोली

नको थांबवू. हे आधी सांगते आणि मग कारणं.

तुझी लेक जिची रेस बघते ती सारा श्योस्त्रोम. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये तिने ५० मीटर २३.७१ मध्ये जिंकली आणि १०० मीटर ५२.१६ मध्ये, आणि १०० मध्ये उतरायचं तर आधी तिचं पक्कं ठरलेलंही नव्हतं. तेव्हा तिचं वय ३०. आता हीच सारा २००८ ला बीजिंगला गेली होती तेव्हा १४ वर्षांची होती, बटरफ्लाय पोहली आणि पहिल्याच फेरीत बाहेर पडली. मधली १६ वर्षं बघ जरा. २०१७ ला बुडापेस्टमध्ये रिलेच्या पहिल्या लेगला तिने १०० चं वर्ल्ड रेकॉर्ड केलं, ५१.७१, आणि त्याच स्पर्धेत स्वतःच्या १०० च्या फायनलमध्ये ती अमेरिकेच्या सिमोन मॅन्युएलकडून सेकंदाच्या चार शतांशाने हरली. २०२१ च्या सुरुवातीला बर्फावर घसरून कोपर मोडलं, तरी त्याच वर्षी टोकियोला ५० मध्ये सिल्व्हर. ५० चं रेकॉर्ड २३.६१, ते तिने २०२३ ला फुकुओकाला केलं, म्हणजे तिशीच्या उंबरठ्यावर. घरात जे कोणी १३-१४ चं गणित मांडतात ना त्यांना हे वाचून दाखव.

आणखी एक दाखव. बीजिंग २००८, मुलींची ५० फ्रीस्टाइल. पहिली जर्मनीची ब्रिटा स्टेफन, २४.०६. दुसरी अमेरिकेची डारा टोरेस, २४.०७, वय ४१, घरी दोन वर्षांची मुलगी. तिसरी ऑस्ट्रेलियाची केट कॅम्पबेल, वय १६. सोळा आणि एक्केचाळीस एकाच पोडियमवर! दुसरा कुठला वेगाचा खेळ असा आहे मला सांग.

आता अडकण्याबद्दल. १३ ते १६ या वयात मुलींचं शरीर बदलतं, उंची, वजन, कंबर सगळंच, आणि त्यामुळे पाण्यातला तोलही बदलतो, काल ज्या शरीराने पोहत होती ते आज राहिलेलं नसतं, मग टायमिंग काही महिने थांबतं नाहीतर मागेही जातं. हे मी इतक्या मुलींत पाहिलंय की आता त्याची भीतीच वाटत नाही. भीती वाटते ती त्या वेळी मोठी माणसं काय बोलतात त्याची. मला सोळाव्या वर्षी एका मोठ्या माणसाने सगळ्यांसमोर सांगितलं होतं की तुझं आता झालं, लहान मुलांना शिकव. मी ऐकलं, सोडलं आणि अजून मला त्याचं वाईट वाटतं.

दोन गोष्टी मात्र कर. एक, डॉक्टरांकडे नेऊन हिमोग्लोबिन बघून घे, या वयाच्या मुलींत ते कमी असलं की दमछाक होते आणि आपण त्याला आळस म्हणतो. पाळीचे चार-पाच दिवस दर महिन्याला पूल बंद होत असेल तर त्याबद्दलही तिच्याशी मोकळं बोल, टॅम्पन किंवा कप वापरून पोहता येतं, तिला बरं वाटत असेल तर थांबायचं कारण नाही. दोन, ती काय सराव करते ते विचार. स्प्रिंटरला रोज नुसत्या लांब लेंग्थ घालायला लावल्या तर ती लांब पोहायला शिकते, जोरात पोहायला नाही. १५ मीटर पूर्ण जोर, मग भरपूर आराम, परत १५ मीटर, असं काही आठवड्यात आहे का? नसेल तर कोचशी आदराने बोल, भांडू नको.

दहावीच्या वर्षी सराव कमी होईल, होऊ दे. आठवड्याला तीन दिवस पाण्यात गेली तरी हात पाण्याला विसरत नाही.

रिओला १०० मीटरमध्ये दोघींना गोल्ड दिलं. एवढी मशीनं असताना हजारावा भाग मोजून एकीला का नाही देत? - म्हापशाहून एक वाचक

हा प्रश्न मला फार आवडला. २०१६ ला रिओमध्ये अमेरिकेची सिमोन मॅन्युएल आणि कॅनडाची पेनी ओलेक्सियाक, दोघी ५२.७०, दोघींना गोल्ड आणि सिल्व्हर कोणालाच नाही. २०२५ ला सिंगापूरच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्येही ५० ला तसंच झालं, ऑस्ट्रेलियाची मेग हॅरिस २४.०२ ने जिंकली आणि मागे चीनच्या दोघी २४.२६ वर बरोबरीत, दोघींना सिल्व्हर.

मशीन हजारावा भाग मोजू शकतं. मोजलाही होता. १९७२ ला म्युनिकमध्ये पुरुषांच्या ४०० मीटर मेडलेत (चारही प्रकार पोहायची रेस) स्वीडनचा गुन्नर लार्सन अमेरिकेच्या टिम मॅकीपेक्षा ०.००२ सेकंदाने पुढे ठरला आणि गोल्ड त्याला गेलं. त्यानंतर नियम बदलला, शतांशावर थांबायचं. कारण सांगते. या मुली १०० मीटरमध्ये सेकंदाला साधारण १.९ मीटर जातात, म्हणजे हजाराव्या भागात जेमतेम दोन मिलिमीटर. आणि पूल हे शेवटी बांधकाम आहे. ५० मीटरच्या पूलला नियमाप्रमाणे तीन सेंटीमीटरपर्यंत जास्त लांबी चालते, आणि भिंत सगळ्या लेनमध्ये अगदी सारखी असेलच असं नाही. म्हणजे तुम्ही दोन मिलिमीटरवरून गोल्ड द्याल आणि एकीची लेनच दुसरीपेक्षा सेंटीमीटरभर लांब असेल! घर बांधताना प्लास्टर करणाऱ्या गवंड्याला विचारा, पन्नास मीटर भिंत मिलिमीटरमध्ये सरळ येते का म्हणून. मला हा नियम अतिशय न्यायाचा वाटतो, जिथे खात्री नाही तिथे दोघींना द्या.

५० मीटरमध्ये श्वास घेतच नाहीत म्हणे. खरं का? मी प्रयत्न केला तर ३० मीटरला डोळ्यांपुढे काजवे. - नववीतली पोहणारी, फोंडा

बाय, आधी एक नीट ऐक. श्वास रोखायचा सराव एकटीने कधीच करायचा नाही, आणि पाण्याखाली राहून तर अजिबात नाही. आधी जोरजोरात श्वास घेऊन मग बुडी मारणं यात पोहता येणारी माणसं बेशुद्ध पडून बुडाली आहेत, वर येण्याची जाणीवच शरीराला होत नाही. काजवे दिसले म्हणजे थांबायचं.

आता उत्तर. मोठ्या स्पर्धेतल्या मुली ५० मध्ये एकदाही नाही किंवा एक-दोनदा श्वास घेतात. कारण डोकं वळलं की खांदा आणि कंबर हलते, सरळ रेषा मोडते आणि पाणी अडवायला लागतं. पाण्याचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, वेग दुप्पट तर अडथळा चौपट, म्हणून हळू पोहताना जी चूक खपते ती स्प्रिंटमध्ये खपत नाही. पण तू अजून नववीत आहेस, तुझ्यासाठी तीन श्वास ठीक आहेत. फक्त कुठे घेणार ते आधी ठरवून ठेव, १८ ला, ३० ला, ४० ला असं काहीतरी, घाबरून वाटेल तिथे मान वर नको.

आणि श्वासापेक्षा तुझी डाइव्ह मला जास्त महत्त्वाची वाटते. पूर्ण रेसमध्ये तू सगळ्यात जास्त वेगात असतेस तो क्षण पाण्यात शिरतानाचा, तिथून पुढे वेग फक्त कमी कमी होत जातो आणि स्प्रिंटर म्हणजे जिचा वेग सगळ्यात कमी घटतो ती. ब्लॉकवरून, म्हणजे उडी मारायच्या चौथऱ्यावरून, पाय जोरात मारायचे, बोटं शिरली त्याच भोकातून डोकं, कंबर, पाय शिरायला हवेत, मग हात कानाला घट्ट चिकटवून डॉल्फिन किक, दोन्ही पाय जोडून एकदम. १५ मीटरच्या खुणेपर्यंत डोकं बाहेर यायलाच लागतं, नाहीतर डीक्यू, म्हणजे रेसमधून बाद. आपल्याकडे मुली डाइव्ह मारून दोन मीटरवर वर येतात आणि हात फिरवायला लागतात, फुकट मिळालेला वेग तिथेच टाकून देतात, बघून जीव तुटतो.

आम्ही लहानपणापासून मांडवीत पोहलो, पावसात व्हाळात उड्या मारल्या. एवढा समुद्र, एवढ्या नद्या असून गोव्याच्या मुली स्प्रिंटमध्ये पुढे का नाहीत? - निवृत्त शिक्षक, पणजी

सर, नदीत पोहलेला माणूस पाण्याला घाबरत नाही आणि हे मोठं भांडवल आहे. पण नदीत ना भिंत असते ना ब्लॉक. आपण मान वर ठेवून, समोरचं काठावरचं झाड बघत पोहतो, कारण जिवंत पोहोचायचं असतं. खारं पाणी शरीर उचलून धरतं, पूलचं गोडं पाणी तेवढं उचलत नाही, पाय खाली जातात. स्प्रिंटला ब्लॉक लागतो, तळाची काळी रेषा लागते, टचपॅड (भिंतीवरची, हात लागला की वेळ नोंदवणारी पाटी) लागतं आणि रोज घड्याळ लागतं. २०२३ ची नॅशनल गेम्स गोव्यात झाली तेव्हा पोहण्याच्या रेस आपल्या कांपालच्या पूलवरच झाल्या, म्हणजे जागा आहे. माझं म्हणणं एवढंच की पूल नुसता असून भागत नाही, सत्तरीतल्या, पेडण्यातल्या मुलीला सहाच्या बॅचला पोहोचवणारी बस पाहिजे. बापाची स्कूटर बंद पडली की तिचा सराव बंद, हे मी दर जूनमध्ये बघते.

देशाचं विचाराल तर शिखा टंडन २००४ ला अथेन्सला पोहली, आणि पॅरिसला बंगळूरची धिनिधी देसिंघू १४ व्या वर्षी २०० फ्रीस्टाइल पोहून आली. साराही पहिल्या ऑलिम्पिकला १४ चीच होती, वर सांगितलंच.

सुनेने नातीला पोहायला घातलंय. तो कॉश्च्यूम घालून सगळ्यांसमोर, पुरुषही बसलेले असतात, मला पटत नाही. - एक आजी, साखळी

आजी, तुम्ही रागावून नाही तर काळजीने लिहिलंय ते कळलं मला. ऑलिम्पिकमध्ये बायकांचं पोहणं सुरू झालं १९१२ ला स्टॉकहोममध्ये. ऑस्ट्रेलियाची फॅनी ड्युरॅक १०० मीटर १ मिनिट २२.२ सेकंदांत जिंकली, पण तिला जाऊ द्यायलाच तिथले लोक तयार नव्हते, बायकांनी पुरुषांसमोर पोहायचं नाही असा तिथल्या बायकांच्या संस्थेचाच नियम होता. तुमच्यासारखाच विचार, शंभर वर्षांपूर्वी, गोऱ्यांच्या देशात. मग ५० वर्षांनी त्याच देशाच्या डॉन फ्रेझरने १०० मीटर एका मिनिटाच्या आत पोहून दाखवली, जगात पहिली.

आता नियमात मुलींना खांद्यापासून गुडघ्यापर्यंतचा सूट चालतो. नातीला तो घेऊन द्या, तिलाही बरं वाटेल. आणि एकदा स्वतः पूलवर येऊन बसा, स्टँडमध्ये सावली आहे.

तो हजारोंचा रेसिंग सूट घेऊ का मुलीला? वय ११. - वडील, मडगाव

नको. अकराव्या वर्षी मुलगी सहा महिन्यांत त्याच्यातून बाहेर वाढेल आणि तो चढवायलाच पंधरा-वीस मिनिटं लागतात, रेसच्या आधी रडारड. २००८-०९ ला पॉलियुरेथेनच्या, म्हणजे रबरासारख्या प्लास्टिकच्या सूटनी एवढी रेकॉर्ड मोडली की १ जानेवारी २०१० पासून ते बंदच करायला लागले, आता सगळ्यांचे कापडाचेच असतात. ब्रिटा स्टेफनने २००९ ला रोममध्ये त्या सूटमध्ये केलेलं ५० चं रेकॉर्ड साराने २०१७ ला कापडाच्या सूटमध्ये मोडलं. चांगला गॉगल घ्या, दोन टोप्या घ्या, उरलेल्या पैशांत पेट्रोल.

मीच ती डिचोलीची मुलगी. आईने पत्र लिहिलं ते मला माहीत आहे. मला एवढंच विचारायचंय की शेवटचे पाच मीटर मी नेहमी मागे पडते, काय करू?

वा, तूही लिहिलंस!

रिओची ५० ची फायनल शोध आणि शेवट हळू करून बघ. पर्निल ब्लूमे २४.०७, मॅन्युएल २४.०९, हेरासिमेनिया २४.११, आणि चौथी फ्रान हॅल्सॉल २४.१३. पहिली ते चौथी सगळं मिळून साधारण बारा-तेरा सेंटीमीटर, एक वीतसुद्धा नाही. हॅल्सॉल तेवढ्यावरून रिकाम्या हाताने परत गेली.

तू काय करत असशील ते न बघता सांगते, तळाच्या काळ्या रेषेच्या टोकाची टी ची खूण दिसली की मान वर करून भिंत शोधत असशील, किंवा हात पोहोचत नाही म्हणून एक अर्धा स्ट्रोक जास्त घेत असशील. सरावात मोज, पूलवर आडव्या टांगलेल्या झेंड्यांपासून भिंतीपर्यंत पूर्ण जोरात तुझे किती स्ट्रोक होतात. आकडा पाठ कर. मग शेवटचे पाच मीटर श्वास नाही, डोकं खाली, किक वाढव, शेवटचा हात लांब आणि खांद्यातून, बोटांची टोकं पॅडवर, तळवा नाही. पॅड वरवर शिवून चालत नाही, दाबायचं असतं.

शनिवारी वॉर्म-अप झाला की फक्त शेवटचे १० मीटर, दहा वेळा, प्रत्येक वेळी पूर्ण जोर आणि मध्ये दोन मिनिटं आराम. महिनाभर कर आणि मला तुझे स्ट्रोक किती आले ते कळव, टायमिंग नंतर बघू.