फॉर्ममधला तो एक रकाना

माझ्याकडे हा प्रश्न सारखा येतो, मॅडम, केस झाली होती हे नोकरीच्या फॉर्ममध्ये लिहू का लपवू? लिहिलं तर बोलवत नाहीत, लपवलं तर कधी कळेल या धाकात दिवस काढायचे.

मागे एक जण आलेला (ओळखू येऊ नये म्हणून तपशील बदललेत). वेल्डिंगमध्ये हात एकदम बसलेला, मारामारीत दोन वर्षं आत काढलेली. सुरुवातीला मीच घोळ घातला, म्हटलं सगळं खरंखरं लिहून अर्जाला जोडा. त्याने दोन पानं लिहिली, कोण काय बोललं, भांडण कसं पेटलं, कोर्टात काय झालं, आणि एकाही ठिकाणाहून फोन नाही. येणार कसा, वाचणाऱ्याला दोन पानं नुसती मारामारीच दिसली, वेल्डिंग गेलं कुठल्या कुठे.

तो म्हणाला माझं नशीबच फुटकं. म्हटलं नशिबाचं नाहीये हो, अमेरिकेत मिलवॉकीत डेव्हा पेजर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी सारख्याच शिक्षणाचे तरुण खऱ्या नोकऱ्या मागायला पाठवले, २००३ मध्ये तो अभ्यास छापून आला, गोऱ्यांमध्ये कोऱ्या पाटीवाल्यांना ३४ टक्के ठिकाणांहून पुन्हा बोलावणं आलं, तुरुंगाचा शिक्का सांगणाऱ्यांना १७. काळ्यांमध्ये १४ आणि ५, म्हणजे तिथे रंग हाही शिक्काच. तो जरा वेळ गप्प बसला, मग म्हणे, १७ म्हणजे सहातला एक तरी बोलवतो ना? मला हे सुचलंच नव्हतं.

मग आम्ही फॉर्म नीट वाचायला बसलो. "कधी अटक झाली का" वेगळं, "दोषी ठरलात का" वेगळं, निर्दोष सुटलेले लोकही घाबरून दुसऱ्या प्रश्नाला "हो" लिहून मोकळे होतात! विचारलंय तेवढ्याचं खरं उत्तर द्यायचं, कारण खोटं लिहिलेलं नंतर सापडलं तर जुन्या गुन्ह्यापेक्षा त्या खोट्यावरूनच नोकरी जाते. आणि तोंडी चारच वाक्यं: काय झालं, शिक्षा कधी संपली, तेव्हापासून काय करतोय, काम काय येतं. शेवटचं वाक्य सगळ्यात लांब. दुसऱ्याला दोष देणं बंद, ते त्याला फार जड गेलं.

पुढच्या दोन ठिकाणी तरीही नाहीच. तिसऱ्या ठिकाणी त्याच्या जुन्या मुकादमाने शब्द टाकला, मालकाने आधी एक जोड मारून दाखवायला सांगितला आणि चार वाक्यं नंतर ऐकली.