तिचे गुपित राखू की कळवू?

प्रश्न : खराडीतील एका बहुराष्ट्रीय कंपनीत मी मनुष्यबळ विभागात, म्हणजे एचआरमध्ये, काम करते. नव्याने लागलेली एक मुलगी मध्यंतरी माझ्याकडे आली आणि ‘ताई, कुणाला सांगणार नसाल तर सांगते’ असे म्हणून, मी काही बोलण्याआधीच, तिने मोबाइल पुढे केला. टीम लीडने रात्री साडेअकरानंतर पाठवलेले मेसेज होते : ‘एकटीच आहेस का?’, ‘उद्या तो निळा ड्रेस घालून ये.’ तिने एकदाही उत्तर दिलेले नव्हते. शेवटचा मेसेज दोन महिन्यांपूर्वीचा आहे आणि त्यानंतर तिला चांगल्या प्रोजेक्टवरून काढण्यात आले. नोकरी जाईल, घरी कळले तर गावी परत बोलावतील, या भीतीने ती तक्रार करायला तयार नाही. अशा गोष्टी हॉटलाइनवर कळवाव्यात, असा परदेशातील मुख्यालयाचा नियम आहे. मी काय करावे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : त्या मुलीने तुम्हाला ताई म्हटले असले, तरी ती एचआरकडे आली होती, आणि एचआरला कळले म्हणजे कंपनीला कळले, असेच पुढे धरले जाईल. म्हणून संपूर्ण गुप्ततेचा शब्द तिला देऊ नका. तो तुम्हाला पाळता येणार नाही. मात्र तिला न विचारता तिचे नाव पुढे पाठवणे हेही तितकेच चूक ठरेल. तिला याच आठवड्यात भेटा आणि तिच्यापुढे कोणता मार्ग आहे, हे नीट समजावून सांगा.

घाई करायला सांगतो, त्याला कारण आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यानुसार शेवटच्या घटनेपासून ३ महिन्यांत लेखी तक्रार द्यावी लागते. अशा तक्रारींची चौकशी करणाऱ्या, कार्यालयातील अंतर्गत समितीला ही मुदत आणखी ३ महिने वाढवता येते, पण त्यासाठी कारणे लेखी नोंदवावी लागतात, तेव्हा त्या भरवशावर राहू नये. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक कार्यालयात ही समिती असावीच लागते. तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरील महिला असते, निम्म्या तरी सदस्य महिला असतात आणि एक सदस्य बाहेरचा असतो. मुख्यालयाची हॉटलाइन कितीही चांगली असली, तरी ती या समितीची जागा घेऊ शकत नाही. तिथे नोंद झाली म्हणजे कायद्यानुसार तक्रार झाली, अशी समजूत जागतिक कंपन्यांमध्ये सहज होते आणि त्यात मुदत निघून जाते.

आता तिच्या भीतीविषयी. चौकशी चालू असताना तिने लेखी मागणी केली, तर तिची किंवा त्या टीम लीडची बदली करावी, तिला ३ महिन्यांपर्यंत जादा रजा द्यावी, तिच्या कामाचे मूल्यमापन त्याच्याकडून काढून घ्यावे, अशी शिफारस समिती करू शकते. यांतली शेवटची तरतूद तिला आवर्जून सांगा. ज्याच्याविरुद्ध बोलायचे त्याच्याच हातात आपले अप्रेझल आहे, हे अशा मुलींच्या गप्प राहण्याचे मोठे कारण असते. तक्रारदाराचे नाव आणि चौकशीचा तपशील उघड करण्यास कायद्याने मनाई आहे. आरोप सिद्ध झाला नाही, एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही. तक्रार इंग्रजीतच हवी असेही नाही. तिने ती मराठीत लिहावी, आणि लिहिता येत नसेल तर मदत करणे हे समितीचे कर्तव्यच आहे. मेसेज पुसू नयेत आणि मूळ फोन जपून ठेवावा, एवढे मात्र तिला आजच कळवा.

त्या टीम लीडला बाजूला घेऊन समज देण्याचा मोह होईल, तो टाळा. त्याने तो सावध होईल, मुलगी उघडी पडेल आणि चौकशीचे काम समितीऐवजी तुमच्याकडून, तेही अर्धवट, झालेले असेल.

एवढे सांगूनही ती नाही म्हणाली, तर तिचा निर्णय माना. भेटीची तारीख आणि तिला काय काय सांगितले याची नोंद ठेवा, तिचे नाव न घेता समितीच्या अध्यक्षांशी बोला आणि मुख्यालयालाही पुण्यातील समितीची कार्यकक्षा लेखी कळवा. समितीच्या सदस्यांची नावे तुमच्या कार्यालयात ठळक जागी लावलेली आहेत का, हेही पाहा. ती लावणे आणि कर्मचाऱ्यांसाठी ठरावीक काळाने जागृतीचे कार्यक्रम घेणे कंपनीवर बंधनकारक आहे.