१३६००के ओव्हरक्लॉक आणि ३०८० साठी एसएमपीएस किती वॅटचा घ्यावा

तुम्ही लिहिलंय की १३६००के (इंटेलचा प्रोसेसर, म्हणजे सीपीयू) चे सगळे मोठे कोअर ओव्हरक्लॉक करून, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने, १.३५ व्होल्टवर ५.५ गिगाहर्ट्झला चालवताय, ग्राफिक्स कार्ड सेकंडहँड आरटीएक्स ३०८०, एसएमपीएस (मशीनला वीज देणारा डबा) ६५० वॅटचा ब्राँझ, सीपीयूची टेस्ट तासभर निघते, कार्डाची पण निघते, आणि गेम लावला की वीस मिनिटांत मशीन खट् करून बंद. वर दुकानदार म्हणतो सरळ १२०० वॅट घ्या. १२०० ची काही गरज नाही, चांगला ८५० घ्या, पण त्याआधी घरातलं अर्थिंग तपासा, त्यावर खाली येतोच.

आधी हिशोब बघू. १३६००के ला इंटेलने टर्बोत (पूर्ण वेगात) १८१ वॅटची मर्यादा दिलीय. वीज फ्रिक्वेन्सीच्या पटीत वाढते पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणून ओव्हरक्लॉकमध्ये खरा खर्च व्होल्टेजचा असतो. समजा आधी १.२५ व्होल्टवर ५.१ होतं, आता १.३५ वर ५.५, तर साधारण सव्वापट होतं, म्हणजे १८१ चे २२५-२३० वॅट झाले. ३०८० चे ३२०. बोर्ड, रॅम, पंखे, एसएसडी मिळून ६०-७० धरा. झाले ६०५-६२०, म्हणजे ६५० मध्ये कागदावर बसतंय, आणि इथेच लोक फसतात.

कारण ३०८० चे ३२० वॅट हे सरासरी आहेत. हे कार्ड काही मिलिसेकंदांसाठी साडेचारशेच्या वर उडी मारतं. स्ट्रेस टेस्टमध्ये लोड एकसारखा असतो, त्यामुळे तिथे काही कळत नाही, पण गेममध्ये सीन बदलला, लोडिंग संपलं की लोड एकदम पडतो आणि एकदम चढतो, त्यात त्याच क्षणी सीपीयूनेही ओढलं की एसएमपीएसचं प्रोटेक्शन त्याला ओव्हरलोड समजून सप्लाय तोडतं. बंद पडल्यावर मागचा स्विच ऑफ-ऑन केल्याशिवाय मशीन चालू होत नसेल तर हेच झालंय असं जवळपास पक्कं धरा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल पॉवर ४१ दिसेल, पण तो फक्त वीज अचानक गेली एवढंच सांगतो, का गेली ते नाही सांगत.

पैसे घालायच्या आधी एक फुकटची परीक्षा करा, आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाची पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणा आणि तोच गेम दोन तास खेळा. बंद पडायचं थांबलं तर दोष एसएमपीएसकडेच आहे. थांबलं नाही तर सीपीयूचं ओव्हरक्लॉक काढून परत बघा.

आता विकत घेताना डब्यावरचा मोठा आकडा सोडा, बाजूचं लेबल वाचा. १२ व्होल्टच्या रकान्यात अँपिअर किती ते बघा आणि १२ ने गुणा. चांगल्या ८५० वॅटवाल्यात ७० च्या आसपास अँपिअर असतात, म्हणजे जवळपास सगळी ताकद १२ व्होल्टवर, आणि सीपीयू, कार्ड दोघंही तिथूनच खातात. कॅबिनेटसोबत येणाऱ्या स्वस्त डब्यांवर "४५०" लिहिलेलं असतं आणि १२ व्होल्टला १६ अँपिअर, म्हणजे १९२ वॅट! मी असे डबे हातात घेऊन बघितलेत, वजनच लागत नाही हाताला. ८० प्लस गोल्ड म्हणजे वीज कमी वाया जाते एवढंच, आतला माल चांगला असेलच असं नाही, म्हणून एटीएक्स ३.० किंवा ३.१ (एसएमपीएसचं नवं मानक) लिहिलंय का बघा, त्यात १०० मायक्रोसेकंदांपर्यंत दुप्पट लोडची उडी सोसायची अट आहे, तुमचं दुखणं नेमकं तेच. सीसॉनिक फोकस जीएक्स ८५० किंवा कोर्सेअर आरएम८५०एक्स, दोन्हीत नवीन आवृत्ती मागून घ्या, वॉरंटीही लांब असते. एसएमपीएस सेकंडहँड मात्र कधीच नको. आणि तुम्ही अकोल्याचे, मे महिन्यात बंद खोलीत ४० च्या वर जातं, तर रेटिंग ४० अंशांवरचं आहे की ५० चं ते वाचा, ५० चंच घ्या. एसएमपीएसमधला कपॅसिटर दर १० अंश कमी तापमानाला साधारण दुप्पट टिकतो.

वॅट जास्त म्हणजे बिल जास्त असं नसतं बरं का, मशीनला लागते तेवढीच वीज ओढली जाते.

अर्थिंगचं सांगतो. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हाताची मागची बाजू लागली की मुंग्या आल्यासारखं होतं का? होत असेल तर अर्थ येत नाहीये, फिल्टरच्या कपॅसिटरमधून पत्र्यावर निम्मं, म्हणजे ११५ च्या आसपास व्होल्टेज आलेलं असतं. वायरमनकडून मल्टिमीटरने मोजून घ्या, फेज-अर्थ २३० च्या जवळ आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत पाहिजे. कितीही महागडा एसएमपीएस आणला तरी हे नीट नसेल तर काही खरं नाही. यूपीएस ६०० व्हीएचा असेल तर तो साधारण ३६० वॅटचाच असतो, गेम चालू असताना लाइट गेली की तो बसणारच, १५०० व्हीएच्या खाली बघू नका.

आणि नवीन बसवताना जुन्या एसएमपीएसच्या केबल एकही ठेवू नका, सगळ्या काढा. मी एकदा आळसाने सॅटा पॉवरची जुनी केबल तशीच राहू दिली, कंपनी दुसरी होती पण पिन नीट बसली, क्लिकही आला. बटण दाबलं, एक बारीक टिक् आणि जळका वास, चार टीबीची हार्ड डिस्क गेली, त्यात मुलीच्या पहिल्या वाढदिवसाचे फोटो होते, ते आजतागायत मिळाले नाहीत. एसएमपीएसकडच्या टोकाला पिनांचा क्रम प्रत्येकाचा वेगळा असतो, कधी कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्येही. कार्डाला ८ पिनच्या वेगवेगळ्या केबल द्या, एकाच केबलच्या दोन शेपट्या लावू नका, आणि पहिल्यांदा चालू करताना ओव्हरक्लॉक पूर्ण काढून चालू करा, दोन दिवस साधं चाललं की मग परत ५.५ ला न्या.