वाचक विचारतात : ट्रायकोडर्मा आणि स्युडोमोनास एकाच ड्रममध्ये?

प्रश्न : आमच्याकडे दरवर्षी तूर उबळते, म्हणजे उभी वाळते. यंदा ट्रायकोडर्मा, स्युडोमोनास आणि रायझोबियम २०० लिटरच्या ड्रममध्ये गूळ घालून चार दिवस मुरवायचं म्हणतोय. बियाण्याला कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशकही लावणार आहे. चालेल का?
— एक शेतकरी, ता. जिंतूर

उत्तर : शेतात तिन्ही वापरा, पण एका ड्रममध्ये मुरवू नका. गुळाच्या पाण्यात स्युडोमोनास हा जिवाणू काही तासांत दुप्पट होतो. ट्रायकोडर्मा पडली बुरशी, तिला धागे पसरायलाच दोन-तीन दिवस लागतात. तोवर जिवाणूंनी पाणी व्यापलेलं असतं, प्राणवायूही संपत आलेला असतो. त्यातून स्युडोमोनास एकटा-दुकटा असताना गप्प असतो. संख्या वाढली, की एकमेकांनी सोडलेल्या रासायनिक इशाऱ्यांवरून ती गर्दी त्याला कळते आणि मग सगळे मिळून डीएपीजी, फेनाझिन अशी बुरशीरोधक द्रव्यं सोडतात. ती मर रोगाच्या फ्युजेरियम बुरशीला आवरतात, तशीच ट्रायकोडर्मालाही आवरू शकतात. प्रयोगशाळेत एकमेकांशी जुळवून पाहिलेल्या जिवाणू-बुरशीच्या वाणांचं तयार मिश्रण मिळालं तर गोष्ट वेगळी.

म्हणून जागा वाटून द्या. ट्रायकोडर्मा जमिनीत : एकरी २ किलो भुकटी १०० किलो पूर्ण कुजलेल्या शेणखतात कालवा. ओल अशी, की मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा पण पाणी गळू नये. सावलीत ढीग लावून ओलं बारदान टाका, तीन-चार दिवसांनी एकदा वरखाली करा. आठ-दहा दिवसांत पांढरे धागे, मग हिरवट छटा दिसली, की पेरणीआधी ओल असताना मातीत मिसळा. ताजं शेण नकोच. त्याच्या उष्णतेने नि अमोनियाने बुरशी मरते.

स्युडोमोनास बियाण्याला, किलोला १० ग्रॅम. शेवटी रायझोबियम (मुळांवर गाठी करून नत्र देणारा जिवाणू), १० किलोला २५० ग्रॅम, थंड केलेल्या गुळाच्या पाण्यात. बी सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरा. कार्बेन्डाझिम ट्रायकोडर्माला अगदी कमी मात्रेतही मारतं, पण जिवाणूंना तितकं बाधत नाही. ते लावायचंच असेल तर आधी लावून सुकू द्या, जिवाणू नंतर. आणि त्या बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळू नका. पाकिटं मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवली असतील तर आतले जीव उष्णतेने मेलेले असतात आणि हा सगळा खटाटोप फुकट.

आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत सामू (पीएच) ८ च्या आसपास असतो, म्हणून लोह असूनही मुळांना मिळत नाही. तिथे स्युडोमोनास पिवळसर-हिरवं द्रव्य सोडून लोह पकडतो आणि फ्युजेरियमची उपासमार होते. फ्युजेरियमही कमी नाही : त्याचं फ्युजारिक आम्ल स्युडोमोनासची डीएपीजी बनवण्याची यंत्रणाच बंद पाडतं, आणि जस्त दिलं की हे आम्ल कमी तयार होतं, असं १९९७ मध्ये टोमॅटोवरच्या कामात दिसलं. (हे वाचून ढिगात झिंक सल्फेट ओतू नका; तो प्रयोग वेगळ्या परिस्थितीतला होता.)

उबळलेलं झाड यातलं काहीही लावून परत येत नाही. खोड बुडाशी उभं चिरा. आत तपकिरी-काळ्या रेषा दिसल्या तर मर रोगच. अशी झाडं जास्त असतील तर पुढच्या हंगामात तिथे तूर टाळा, किंवा बदनापूरच्या केंद्राचं बीएसएमआर ७३६ सारखं प्रतिकारक वाण घ्या.

प्रश्न : पीडीएवर (बटाटा-साखरेच्या आगर माध्यमावर) फ्युजेरियम आणि स्युडोमोनास समोरासमोर लावते, पण मधला मोकळा पट्टा दिसतच नाही, जिवाणू सगळीकडे पसरतो.
— एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : झाकणावरचं पाणी थेंबाथेंबाने खाली पडतंय आणि जिवाणू त्यात पोहतोय. प्लेट ओतल्यावर पृष्ठभाग नीट कोरडा होऊ द्या आणि ती उलटी ठेवा. दुसरं, वेळ. जिवाणूची रेघ २४ तासांत उठते, फ्युजेरियमला ९ सेंमीची प्लेट भरायला आठवडा लागतो. आधी बुरशीची ५ मिमी चकती ठेवा, ४८ तासांनी तिच्यापासून ३ सेंमीवर रेघ ओढा, तापमान २८ अंश. ट्रायकोडर्मासोबत क्रम उलटा. ती तीन-चार दिवसांत प्लेट गिळते. सोबत नुसत्या बुरशीची प्लेट हवीच, नाहीतर (क − ट) ÷ क × १०० मध्ये क कुठून आणणार? क म्हणजे त्या प्लेटमधली वाढ, ट म्हणजे जिवाणूच्या दिशेने झालेली.

पट्टा मिळाला की किंग्ज बी माध्यमावर तेच करा, एकदा फेरिक क्लोराइड घालून, एकदा न घालता. लोह दिल्यावर पट्टा नाहीसा झाला तर अडवणूक बहुधा लोहाच्या पळवापळवीने होत होती. टिकला तर कारण दुसरीकडे शोधा.

प्रश्न : ज्वारीच्या आंबिलीसाठी भिजवलेल्या पिठावर तिसऱ्या दिवशी पांढरा पापुद्रा येतो. काढून वापरावं का?
— एक गृहिणी, अंबाजोगाई

उत्तर : नको. सुरुवातीला यीस्ट जीवनसत्त्वं नि अमिनो आम्लं सोडतं, त्यावर लॅक्टिक जिवाणू पोसतात आणि आंबटपणा वाढवून सडवणाऱ्यांना दूर ठेवतात. पण उघड्या पृष्ठभागावरचं यीस्ट पुढे तेच आम्ल खातं, आंबटपणा उतरतो आणि मग केसाळ बुरशीला वाट मोकळी होते. हिरवा, काळा किंवा गुलाबी डाग दिसला तर सगळंच टाका. धागे खोलवर गेलेले असतात. उन्हाळ्यात पीठ एक रात्र आंबलं की पुरे, सकाळी शिजवून टाका.